आमची वाटचाल: भट्टी वाठोड्यात, तेल मलेशियाचं

आमचा धंदा म्हणजे चिवडा, शेव, पापडी आणि दिवाळीत चकली, अनारसे, बस. नागपुरात वाठोड्याकडे पत्र्याचं शेड आहे, दोन भट्ट्या, शेवेची एक मशीन, पाउच पॅकिंगची एक, आणि दहाबारा बाया, त्यातल्या निम्म्या सुरुवातीपासून सोबत आहेत. सासूबाई नंदनवनच्या घरी शेजारपाजारच्यांना किलो-दोन किलो चिवडा करून द्यायच्या, मी लग्न होऊन आले तेव्हा हिशोबाची वही माझ्याकडे आली, मग इतवारीतल्या दुकानदारांनी माल ठेवायला सुरुवात केली, मग फूड लायसन, मग बँकेचं कर्ज. हे सगळ्यांचं सारखंच असतं म्हणून जास्त लांबवत नाही.

सांगायचंय ते मालाच्या भावाबद्दल. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "काय हो ताई, भाव वाढवून टाकले तुम्ही!" त्याला वाटतं आम्हीच बसून ठरवतो. आता आमच्या चिवड्यात नागपूरचं काय, तर पोहे, मेहनत आणि सासूबाईंचा मसाला. तेल पामचं, ते इंडोनेशिया-मलेशियाचं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरूनच येतो, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलहून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनहून. २०२२ मध्ये इंडोनेशियानं एप्रिलच्या शेवटी पाम तेलाची निर्यात बंद केली आणि मे महिन्यात परत सुरू केली, महिनाभराचाही मामला नव्हता, पण तेवढ्यात आमच्या लग्नसराईच्या सगळ्या ऑर्डरी नुसत्या मजुरीवर निघाल्या, कारण बयाणा आधीच घेतलेला आणि भाव बोललेला.

आता २०२४ चं ऐका. गणपती बसलेले, आम्ही दिवाळीच्या मालाचे भाव दुकानदारांना देऊन मोकळे झालो होतो. शुक्रवारी रात्री बातमी आली की कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरची बेसिक ड्युटी, म्हणजे आयात शुल्क, शून्याची २० टक्के आणि रिफाइंडवरची साडेबाराची साडेबत्तीस, लागू १४ सप्टेंबरपासून म्हणजे उद्यापासून. सेस धरून कच्च्यावर साडेसत्तावीस टक्के झाली, रिफाइंडवर पावणेछत्तीस. शनिवारी सकाळी आमच्या तेलवाल्याला फोन केला तर म्हणे आज भाव निघाला नाही. भाव निघाला नाही म्हणजे आज विकणार नाही, चढायची वाट बघणार, हे ज्यांनी माल घेतलाय त्यांना माहीत आहे. सरकारनं तेल कंपन्यांना सांगितलं होतं बरं का, की जुन्या ड्युटीचा स्टॉक आहे तोवर भाव वाढवू नका, स्टॉक दीडेक महिन्याचा होता. पण ते सांगणं छापील एमआरपीचं, १५ किलोचा डबा घेणाऱ्याला एमआरपीशी काय घेणंदेणं! दिवाळीपर्यंत डब्यामागे चारपाचशे रुपये चढले.

मी चिडून हिंगणघाटला भावाला फोन केला. त्याच्याकडे सोयाबीन आणि कापूस. म्हटलं तुमच्यासाठीच ड्युटी वाढवली म्हणे, आता तरी खूश आहेस ना. तर तो म्हणाला, "ताई, तू तेल महाग झालं म्हणून रडून राहिली, अन् इकडं सोयाबीन चार हजाराच्या वर जाऊनच नाही रायलं." हमीभाव क्विंटलला ४८९२ होता त्या वर्षी. मला आधी पटलंच नाही, तेल महाग झालं तर ज्यातून तेल निघतं ते का नाही महाग होणार? मग त्यानंच समजावलं. सोयाबीनच्या दाण्यात तेल साधारण अठरा टक्के, बाकी सगळी ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरते ती पेंड, आणि मिलवाला सोयाबीन घेतो तो ढेप विकली जाते म्हणून. मक्यापासून इथेनॉल बनवायला लागल्यापासून त्यातला चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी स्वस्तात मिळतो, मग महागाची ढेप कोण घेणार. म्हणजे एका खात्यानं पेट्रोलमध्ये इथेनॉल घालायचं ठरवलं, दुसऱ्यानं तेलावर ड्युटी लावली, दोन्ही आपापल्या जागी बरोबरच असतील, पण मधल्या मधे भावाचं सोयाबीनही पडलं आणि बहिणीचं तेलही चढलं.

३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरची बेसिक ड्युटी परत १० वर आणली. पुन्हा शुक्रवार. वाढताना एका रात्रीत वाढलेला भाव उतरताना मात्र जुना महागाचा स्टॉक संपायची वाट बघत होता. याचा मला अजिबात राग नाही, मी तेलवाली असते तर मीही तेच केलं असतं, फक्त उगीच कोणी सांगू नये की ड्युटी कमी झाली, आता चिवडा स्वस्त करा.

जीएसटीचं थोडक्यात सांगते. आधी आम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या स्कीममध्ये होतो, १ टक्का भरायचा, विषय संपला. पण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही, आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात असलं तरी आम्हाला अमरावतीपेक्षा जवळ! तिथली आणि छिंदवाड्याची ऑर्डर आली तेव्हा रेग्युलरमध्ये जावं लागलं. तिथे गंमत अशी की एकाच घाण्यातला चिवडा सुटा विकला तर ५ टक्के आणि लेबल लावून पाउचमध्ये भरला तर १२. आमच्या शेडमधल्या एका मावशी म्हणाल्या, "बाई, मंग टॅक्स काय पन्नीवर हाय का?" मी काय उत्तर देणार.

२२ सप्टेंबर २०२५ ला ते १२ चे ५ झाले, चांगलंच झालं. पण आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे १० रुपयांचं पाकीट. १० चं नऊ रुपये अडतीस पैसे कसं करायचं, सुटे कोण देणार? मग ग्रॅम वाढवले. ग्रॅम वाढवले की पाउचवर छापलेलं वजन चुकीचं ठरतं, आणि पाउचचा रोल छापून आणलेला असतो, छपाईच्या सिलिंडरचा खर्च वेगळा. मोठ्या कंपन्यांनी पानभर जाहिराती दिल्या, आमच्याकडे बायांनी बसून स्टिकर चिकटवले. त्यात पाउचवर आम्ही १८ टक्के भरतो आणि मालावर ५ गोळा करतो, त्यामुळे जास्त भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट साचून पडतं, सीए म्हणतो मिळेल, मिळेल.

त्या दिवाळीला मला खरा घाटा झाला तो दुसरीकडून. अमेरिकेनं ऑगस्टमध्ये आपल्या मालावरचं टॅरिफ ५० टक्क्यांवर नेलं. चिवड्याचा अमेरिकेशी काय संबंध? आम्ही तर नागपूरच्या बाहेर फारतर छिंदवाड्यापर्यंत. पण कापड कारखान्यांना दिलासा म्हणून सरकारनं बाहेरच्या कापसावरची ११ टक्के ड्युटी १९ ऑगस्टपासून काढली, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकं आपल्याकडे कापूस वेचून घरात येतो तोच हंगाम. हमीभाव ७७१० होता मध्यम धाग्याला, पण व्यापारी खेड्यात तेवढा कुठे देतो, आणि सीसीआयला, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला घालायचा तर ॲपवर नोंदणी करा. हिंगणघाट, समुद्रपूर, वरोरा हा आमचा चांगला पट्टा. तिथला किराणावाला दरवर्षी दिवाळीला पोत्यानं माल उचलतो, त्या वर्षी म्हणाला अर्धाच पाठवा वहिनी, लोक उधारीवर साखर नेऊन राहिले, चिवडा कोण घेते. भावानं तर मला सांगितलंच नाही, वहिनीकडून कळलं की त्यानं कापूस गावातच विकून टाकला, मुलाच्या कॉलेजची फी होती.

आता पिवळ्या वाटाण्यावर १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के ड्युटी लागलीय, त्याआधी डिसेंबर २०२३ पासून शून्य होती. आम्ही बेसन हरभऱ्याचंच वापरतो, वाटाण्याचं नाही, पण बाजारात स्वस्त शेव बहुतेक वाटाण्याच्या पिठाची असते. ते पीठ महागलं तर आमच्या आणि त्यांच्या भावातला फरक कमी होईल आणि आमची शेव जरा जास्त विकली जाईल, असा माझा हिशोब आहे. ह्यांचं म्हणणं, वाटाणा महागला की सगळे हरभऱ्याकडे वळतील आणि बेसनही चढेल. बघू.

तोवर एवढं केलंय की कोटेशनवर "भाव आठ दिवसांसाठी" असं छापून घेतलं आणि तेल दर आठवड्याला थोडं थोडं घेतो, गोडाऊन भरायला पैसा आहे कुठे. पांढुर्ण्याच्या दुकानदाराला आठ दिवसांचं पटलेलं नाही, त्याला वर्षभराचा एकच भाव पाहिजे. मी म्हटलं दादा, तेलाचं सोडून बाकीचा बांधून देते, तेल वेगळं धरू. तो विचार करून सांगतो म्हणालाय.