कुठलं मत्स्यालय?

आज टॅक्सीवाल्याला सांगितलं, "मछलीघर के पास रोको." तर म्हणतो, "कौन सा मछलीघर?" विशीतला पोरगा. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय, आणखी कुठलं! चर्नी रोड स्टेशन म्हटल्यावर त्याला कळलं. मला मात्र उगाच लागलं, आणि नक्की काय लागलं तेच संध्याकाळपासून शोधतेय.

फार आवडायचं म्हणावं, तर तसंही नाही. आत सगळं ओलसर, कोंदट. काचांवर पोरांच्या नाकांचे ठसे, मागून "पुढे चला, पुढे चला". मी कासवापाशी रेंगाळायचे. वल्ह्यासारखा पाय काचेला घासत ते वर जायचं, नाक बाहेर काढून श्वास घ्यायचं, की परत खाली. आणि मामी पलीकडच्या टाकीपुढे मोठ्याने, "काय ताजा आहे गं हा!" अख्खी रांग हसली होती. मामी... जाऊ दे.

१९५१ साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं. ८ लाख खर्च, त्यातले २ लाख तारापोरवालांचे. २०१५ मध्ये नटूनथटून पुन्हा उघडलं, तो १२ फुटी बोगदा आला, डोक्यावरून मासे. फोनने फोटो काढायचे तर वेगळे पैसे, तेही तिकिटाच्या कितीतरी पट! ताई काय भांडली होती तिथे.

मग मार्च २०२०. सगळंच बंद झालं, तसं हेही. पुढे देवळं उघडली, नाटकं लागली, राणीची बाग उघडली. हे राहिलंच. इमारत कमकुवत झालीय, नवं बांधायचंय, अशा बातम्या अधूनमधून येतात. पण शेवटचा दिवस असा कुणी सांगितलाच नाही. सांगितला असता तर गेले असते? लोकल त्याच्या पाठीमागूनच जाते, इतकी वर्षं कुठे उतरले मी? तरी लागतंय. सांगितलं नाही, हेच लागतंय. मला कोण काय सांगतं म्हणा! ताईने फ्लॅट विकला, तेसुद्धा बंड्याच्या बायकोकडून कळलं.

बरं, सांगणार तरी कोण होतं? मत्स्यव्यवसाय विभागाने फोन करायचा होता का, की बाई, येत्या सोमवारपासून बंद? सोमवारी तर ते तसंही बंदच असायचं.

मघाशी ताईला मेसेज टाकला, तारापोरवाला आठवतं का गं?

लगेच उत्तर. "का? फोटोचे पैसे परत देतायत?"