तुम्ही विचारलंत म्हणून: कॉन्फीच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या, पोरांना मी काय सांगते

दरवर्षी एप्रिल उजाडला की हा प्रश्न येतोच. नगरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो, इथल्या, जर्मनीतल्या, मराठी ख्रिस्ती घरांतून येतो, मागच्या नाताळात तर जेवायला बसल्या बसल्याच आला. "तुम्ही तिकडे ल्यूथरन चर्चमध्ये पोरांच्या कन्फर्मेशनच्या वर्गाला मदत करता ना, मग पुढे पोरं चर्चमध्ये टिकावीत म्हणून काय सांगता त्यांना?" आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "तुमचा मुलगा नाही ना येत आता?"

मला कळतं हो, विचारायचं असतं ते हे दुसरंच. इतकी वर्षं मी "प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हणून भाजी वाढायला घेतली. आता कंटाळा आलाय. एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी थोडं भांडून घेते. "आपल्याकडे पोरांना धाक असतो, तुमच्या जर्मनीत सगळं सैल" हे जे ऐकवलं जातं ना, ते मला पटत नाही. माझं दृढीकरण, म्हणजे हेच कन्फर्मेशन, लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठं झाल्यावर स्वतः श्रद्धेला हो म्हणायचा विधी, नगरला झालं. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला, मी पांढरी साडी नेसले होते, प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारा पाठ, न अडखळता म्हटला म्हणून पाळकसाहेबांनी कौतुक केलं. आणि मी टिकले. पण का टिकले? शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, मैत्रिणी कंपाउंडमधल्या, लग्न जमलं तेही मंडळीतच, म्हणजे चर्चच्याच लोकांत, जाणार कुठे होते मी? चर्च सोडायचं म्हणजे गल्ली सोडायची. त्याला मी आजवर श्रद्धा म्हणत आले, असेलही श्रद्धा, पण तिला कुणी कधी धक्का लावून बघितला नव्हता एवढं खरं. इथे न्यूर्नबर्गच्या बाजूला आमच्या गावात चौदा वर्षांच्या पोराला रविवारी सकाळी फुटबॉल आहे, झोप आहे, आणि चर्चला आला नाही म्हणून कुणी दारात येऊन विचारत नाही. २०२३ या एका वर्षात जर्मनीच्या प्रोटेस्टंट चर्चमधून सुमारे ३ लाख ८० हजार लोक रीतसर बाहेर पडले. आणि ज्यांना वाटतं आपल्याकडे असं नाही, त्यांनी येत्या रविवारी आपल्या मंडळीत अठरा ते पंचवीस वयाची किती पोरं बसलीत ते मोजावं, पोरी सोडून.

असो.

इथल्या पाळक लोकांचा एक जुना विनोद आहे. चर्चच्या घंटाघरात वटवाघळं झालेली असतात, काही केल्या जात नाहीत. शेजारच्या गावचा पाळक म्हणतो, सोपं आहे, त्यांचं कन्फर्मेशन करून टाका, परत तोंड दाखवणार नाहीत. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खूप हसले होते, तेव्हा आमचा पोरगा नऊ वर्षांचा होता.

त्याचं कन्फर्मेशन २०१७ च्या मे महिन्यात झालं. मार्टिन ल्यूथरच्या ज्या प्रबंधांपासून प्रोटेस्टंट चर्चची सुरुवात झाली, त्यांना पाचशे वर्षं झाली ते साल, सगळीकडे ल्यूथरच ल्यूथर, प्लेमोबिल या खेळण्यांच्या कंपनीने तर हातात लेखणी आणि बायबल घेतलेला इवलासा ल्यूथर काढला होता, तोही त्याला कुणीतरी भेट दिला. वर्षभर कॉन्फीचा वर्ग झाला, म्हणजे दर बुधवारी दुपारी, शिवाय एक कॅम्प, शिवाय एक कार्ड, ज्यावर दर रविवारी उपासनेनंतर पाळकबाईंची सही घ्यायची. आमच्याकडे पंचवीस सह्या लागायच्या. पोरं प्रवचनाला खाली मान घालून बसायची आणि शेवटचा आशीर्वाद झाला की कार्ड घेऊन पळत सुटायची. माझा त्या कार्डावर फार जीव होता, मी ते फ्रिजवर लावलं होतं.

आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, पापांगीकाराची, म्हणजे पापं कबूल करायची, उपासना असते, घरचे सगळे जातात. माझी आई नगरहून आली होती, पहिल्यांदाच विमानात बसून, सोबत करंज्या आणि नातवासाठी सोन्याची चेन. आम्ही घरी आलो, मी इस्त्रीचा टेबल लावला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात बत्तीस माणसांचं जेवण सांगितलेलं. आणि चर्च कमिटीतर्फे पोरांना दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडे होतं, ते भाषण छापून फाइलमध्ये ठेवलेलं.

पोरगा येऊन दारात उभा राहिला. म्हणाला, आई, मी उद्या ते म्हणू शकत नाही.

ते म्हणजे काय, तर पाळकबाई विचारतात, या श्रद्धेत राहायची तुमची इच्छा आहे का, आणि पोरं म्हणतात "या, मिट गॉटेस हिल्फे", हो, देवाच्या साहाय्याने. तो म्हणाला, मला माहीतच नाही मला हे खरं वाटतं का, कधी वाटतं, कधी अजिबात नाही, मग मी हो कसं म्हणू? अर्धं मराठीत, अर्धं जर्मनमध्ये. तो रडत वगैरे नव्हता. शांतपणे सांगत होता, गणित अडलं की सांगायचा तसं.

मी काय म्हटलं ते शब्द न बदलता लिहिते, कारण इतकी वर्षं मी ते स्वतःलाही बदलून सांगत आलेय. मी म्हटलं, "आजी एवढ्या लांबून आलीये, तिला रडवणार आहेस का? सगळे एकदम म्हणतात रे, तू नुसते ओठ हलव, कुणाला कळणार आहे?"

तो म्हणाला, ओके. आणि त्याच्या खोलीत गेला. मी शर्टाची कॉलर इस्त्री करून संपवली.

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं होतं. एकोणीस पोरं ओळीत उभी. मी दुसऱ्या बाकावरून त्याच्या तोंडाकडेच बघत होते. त्याचे ओठ हलले. आवाज आला की नाही मला आजही माहीत नाही. मग त्याचं वचन वाचलं गेलं, प्रत्येक जण आपलं वचन निवडतो, त्याने स्तोत्रातलं ते निवडलं होतं, देवाच्या साहाय्याने तट उडून जाण्याचं. मग माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले आणि माझ्या बऱ्यापैकी जर्मनमध्ये सांगितलं की मुलांनो, लहानपणी तुमच्या वतीने आईबाप हो म्हणाले होते, आज तुम्ही स्वतः म्हणालात, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, आता या चर्चला तुमची गरज आहे, सोडून जाऊ नका. लोकांचे डोळे पाणावले. तो त्याच्या नव्या बुटांकडे बघत होता.

पुढच्या रविवारी तो उठला नाही. सह्यांचं ते कार्ड मला रद्दीच्या निळ्या डब्यात सापडलं.

तेव्हाची मी आत्ता समोर असते तर म्हणाली असती, मग काय करायचं होतं, बत्तीस माणसांना परत पाठवायचं? चौदा वर्षांच्या पोराला काय कळतं? आज वाटतंय ते उद्या वाटेल का? आणि खरं सांगू, तिचं अगदीच चूक आहे असं मला अजूनही म्हणता येत नाही. ओठ हलवता हलवता कितीतरी लोकांची श्रद्धा आत उतरते, माझी तशीच उतरली. पण इथे कायदाच आहे, १९२१ सालचा, चौदा पूर्ण झाले की आपला धर्म पोरगा स्वतः ठरवतो. हे मला नंतर कळलं. त्याला तेव्हाच माहीत होतं, तरी त्याने ते माझ्यापुढे काढलं नाही.

आमच्या पाळकबाईंना मी हे सगळं दोन वर्षांनी सांगितलं. त्यांनी मला इतिहास सांगितला, जर्मन माणसं सांत्वनालासुद्धा इतिहासच सांगतात. म्हणाल्या, ल्यूथरला कन्फर्मेशनचं काही विशेष नव्हतं, संस्कार म्हणून त्याने ते मोडीतच काढलं होतं. आपली ही पद्धत आली १५३९ ला जर्मनीतल्याच हेसेनमधून, मार्टिन बुत्सर या धर्मसुधारकामुळे. तिथे पुनर्बाप्तिस्मावाले, म्हणजे बाप्तिस्मा मोठेपणीच द्यावा असं मानणारे, म्हणत होते, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देता, त्याला कुणी विचारलं का? प्रश्न बिनतोड होता. म्हणून ठरलं, मोठं झाल्यावर विचारू. म्हणजे हा सगळा घाटच "त्याला विचारलं का" यासाठी घातलेला, आणि मी नेमकं तेवढंच गाळलं होतं. ल्यूथरचं छोटं प्रश्नोत्तराचं पुस्तक, १५२९ चं, तेही घरच्या कर्त्या माणसाने पोरांना शिकवावं म्हणून लिहिलेलं, दहा आज्ञांतल्या दर आज्ञेनंतर "म्हणजे काय?" असा प्रश्न. आमच्या घरात तो प्रश्न पोराने विचारला आणि कर्त्या माणसाने इस्त्री केली.

बाकी सोडा, आपलंच बघा. आपण नगरकर कवी ना. वा. टिळकांचं नाव किती अभिमानाने घेतो. रेव्हरंड टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लगेच घेतला का? चार-पाच वर्षं गेली मध्ये, रडल्या, भांडल्या, पटलं तेव्हा आल्या. ही गोष्ट मी चर्चच्या पोरांना शब्बाथ शाळेत गळा भरून सांगितलीये. आणि पोराला मी किती वेळ दिला, एक संध्याकाळ, तीही पुरती नाही.

२०२३ मध्ये त्याला पहिली पूर्ण पगाराची नोकरी लागली. पगाराच्या कागदावर चर्च टॅक्सची ओळ असते, आमच्या बायर्न राज्यात इन्कम टॅक्सच्या आठ टक्के. मला वाटलं पैशांवरून कुरकुरेल. कुरकुरला नाही. एक दिवस फोन करून म्हणाला, आई, मी चर्चमधून नाव काढून आलो, तुला बाहेरून कळायला नको म्हणून सांगतोय. इथे त्यासाठी नोंदणी ऑफिसात जावं लागतं. मी गप्प. मग तोच म्हणाला, "तिथे ओठ हलवून चालत नाही, सही करावी लागते." टोमणा होता का? मला वाटतं होता. त्याचे बाबा म्हणतात नव्हता.

तर आता तुमचा पहिला प्रश्न. मी अजूनही बुधवारी जाते. का जाते, हेही लोक विचारतात, घरचा सांभाळता आला नाही आणि दुसऱ्यांची काय सांभाळते म्हणून. विचारा बापडे. मी पोरांना टिकून राहा असं काही सांगत नाही. भाषणाने टिकलेलं एकही पोर मी बघितलेलं नाही. जे तीन-चार जण पुढच्या वर्षी टीमर म्हणून परत येतात, म्हणजे नव्या कॉन्फींना सांभाळायला, ते बहुतेक कामामुळे येतात. एकाला माइक आणि मिक्सरचं वेड, एकीला कॅम्पचा स्वयंपाक, तिला मी वरण-भात शिकवला, चाळीस जणांचा करते आता. ही श्रद्धा आहे का? नगरला माझी काय होती मग? देवाविषयी ते मला उलटसुलट विचारतात, मला येतं तेवढं सांगते, नाही येत तिथे नाही येत म्हणते. यातूनही बरेचसे जातातच. म्हणजे माझ्याकडे काही युक्ती आहे असं समजून विचारत असाल तर विचारू नका.

यंदा कॅम्पमध्ये एक मुलगी भांडी पुसता पुसता जवळजवळ तेच बोलली, मी हो म्हणू शकेन असं वाटत नाही. माझ्या हातात कढई होती. मी म्हटलं, मग पाळकबाईंशी बोल, नको वाटलं तर नको म्हण, पुढच्या वर्षीही म्हणता येतं. म्हणून बसले आणि पोटात गोळा आला, कारण हिचीही कुठूनतरी आजी येणार असेल. आजी येणारच आहे, ब्रेमेनहून. तिच्या आईचे दोन मिस्ड कॉल आहेत माझ्या फोनवर, आणि परवा बेकरीत तिने ओळख दाखवली नाही. मुलीचं अजून ठरलेलं नाही.

कन्फर्मेशनला बारा दिवस आहेत. कमिटीने दोन शब्द बोलायला यंदाही मलाच सांगितलंय, लिहून झालेलं नाही. या वेळी आधी पोराला वाचून दाखवणार आहे. फोनवर विचारलं त्याला, वेळ आहे का. म्हणाला आहे, रविवारी ये, पण दुपारी, सकाळी मॅच आहे.