पोर्‍याले फोन लावा

"आबा, तुमना पोर्‍याले फोन लाई द्या. मी त्यालेच सांगस."

गॅरेजवाला पोरगा रेडिएटर उघडून हे म्हणाला, तेव्हा मी त्याच्या शेजारीच उभा होतो. गाडी मीच आणलेली. इंजिन तापतंय, हेही मीच ओळखलेलं.

बोअरचं जड पाणी भरत राहिलं की आत क्षार साचतात, नळ्या चोंदतात. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा नुसत्या पाण्यावर भागत नाही, कूलंट लागतं. हे सगळं मला माहीत आहे. तरी त्याने ते पुण्याला मुलाला फोनवर सांगितलं. मुलगा म्हणाला, "करून टाका." पैसे मी दिले.

पोरगा उर्मट मुळीच नव्हता. बसायला स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं. म्हणूनच जास्त लागलं.

पुढे गिरणीतून पापडासाठी उडीद दळून आणले, हिच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या, नातीला क्लासमधून आणलं. तिथे कुणीच म्हणालं नाही की मुलाला फोन लावा.

हेलपाटे घालायला आबा चालतात, मग निर्णय घ्यायला का नाही? तुमच्याकडच्या आजोबांना कोणी विचारतं का?