मारीएनटालची घड्याळं

व्हिएन्नाहून लोकलने अर्ध्या तासाच्या आत ग्रामाटनॉयझीडल येतं. तिथेच मारीएनटाल, कापडगिरणीच्या कामगारांची जुनी वसाहत. एकाला एक लागून घरं आणि समोर सरळसोट रस्ता. लालबागला वाढलेल्या माणसाला परकं वाटू नये असं.

मी गेलो होतो पॉल लाझार्सफेल्डच्या मागावर. रेडिओचा, प्रचाराचा लोकांवर किती परिणाम होतो हे अंदाजपंचे न सांगता मोजून दाखवणाऱ्या पहिल्या फळीतला हा माणूस. जन्म १९०१, व्हिएन्नाचाच, डॉक्टरेट गणितातली. कामगार फावल्या वेळात काय करतात, हे त्याला शोधायचं होतं. समाजवादी पुढारी ओटो बाउअर यांनी त्याला फटकारलं: लोकांच्या हाताला काम नाही, फावला वेळ कसला बघता? बेकारी बघा.

गिरणी नुकतीच बंद पडली होती. १९३१च्या अखेरीस लाझार्सफेल्डचं पथक इथे आलं. कुणी खिडकीआड बसून रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. बायका लगबगीने जात. कुठेच न थांबता जाणारा पुरुष दहातला एखादाच. १०० पैकी ८८ पुरुषांच्या अंगावर घड्याळच नव्हतं. वाचनालयाची वर्गणी माफ केली, तरी पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. वेळ होता, पण तो कुणाला नको होता.

पुस्तक १९३३ला निघालं. बरंचसं लिखाण पथकातल्याच मारी याहोदा या संशोधिकेचं, हे सांगायलाच हवं. नाव मात्र गाजलं लाझार्सफेल्डचं. पहिल्या आवृत्तीवर तर कुणाचंच नाव नव्हतं, कारण नावं ज्यू होती.

त्याच वर्षी तो अमेरिकेला गेला, तो तिथलाच झाला. १९४०च्या निवडणुकीत ओहायोतल्या त्याच त्या मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठून त्याने विचारलं. रेडिओपेक्षा घरचे, शेजारचे, कामावरचे सोबती भारी पडतात, असं निघालं. आपल्या चाळीत हे कुणीही सांगितलं असतं म्हणा, पण आकड्यानिशी नाही.

परतीच्या गाडीत मला बाबांचं एचएमटी आठवत होतं. १९८२च्या संपानंतर गिरणीचा भोंगा थांबला, तरी बाबा रोज सकाळी घड्याळाला चावी द्यायचे. मग कधीतरी ते कपाटात गेलं. नेमकं कधी, ते घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही.