हेली मेळाव्याला जाताय? वीज स्वतःची न्या

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरच्या, म्हणजे हेलींच्या, मेळाव्याहून परवा रात्री उशिरा परतलो. अंग आंबून गेलंय, पण सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. पुढच्या खेपेला जाणाऱ्यांचा शनिवार तरी माझ्यासारखा वाया जाऊ नये.

निमंत्रणात स्पष्ट लिहिलं होतं, ‘मैदानावर चार्जिंगची सोय आहे.’ त्या एका वाक्यावर विसंबून मी माझा जनरेटर घरीच ठेवला. तिथे पोहोचलो तर तीसेक पायलट आणि दोन हजार वॅटचा एकच जनरेटर. वर चार्जिंगच्या टेबलाचे वेगळे पैसे, तेही आधीच भरायचे.

आता हिशोब बघा. ७०० साइझच्या (साधारण ७०० मिलिमीटर लांब पात्यांच्या) हेलीला १२एस, म्हणजे बारा सेल एकापाठोपाठ जोडलेला लिथियम बॅटरी पॅक लागतो. ५००० एमएएचचे दोन ६एस जोडले की ४४.४ व्होल्ट आणि २२२ वॅट-तास होतात. १सी ने, म्हणजे तासाभरात भरेल अशा वेगाने, चार्ज करायचं म्हटलं तरी शेवटाकडे अडीचशे वॅट हवेत, चार्जर आणि पॉवर सप्लायमधली गळती धरून तीनशेच्या वर. म्हणजे त्या जनरेटरवर एका वेळी जेमतेम सहा जणांचं काम व्हावं. कुणी घाईने २सी लावलं की दोघांची वीज तो एकटाच ओढतो. सकाळी अकरापर्यंत जनरेटर चार वेळा बंद पडला. दर वेळी सगळे चार्जर शून्यावर आणि रांग पुन्हा पहिल्यापासून.

माझं नुकसान झालं ते यातूनच. जनरेटर बंद पडला तेव्हा माझा पॅक चार्जरवर होता. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो. कुणीतरी तो काढून ‘झालेल्या’ पॅकच्या ओळीत ठेवला आणि आपला लावला. तासाभराने नंबर आला तसा मी पॅक उचलला, हेलीत सरकवला आणि उडवलं. व्होल्टेज चेकर खिशात होता, तो लावला नाही. ही चूक माझी. पॅक दर सेलला ३.९५ व्होल्टच्या आसपास असणार, म्हणजे पाऊण भरलेला. टायमर मात्र पूर्ण पॅकचा, साडेचार मिनिटांचा. चौथं मिनिट संपायच्या आत आवाज बदलला. पात्यांची शीळ बारीक होत होत खाली उतरायला लागली, ईएससीने (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटने) बॅटरी उतरल्यामुळे कटऑफ दिला होता. थ्रॉटल होल्ड (मोटर बंद करणारा स्विच) ओढला, ऑटोरोटेशनने, म्हणजे मोटरशिवाय फिरत्या पात्यांच्या जोरावर, खाली आणली, मुख्य पाती वाचली. पण कापलेल्या गवताच्या पट्ट्यापर्यंत ती पोहोचली नाही. गुडघाभर गवतात टेल ब्लेड अडकले आणि टॉर्क ट्यूबच्या (टेल ब्लेडपर्यंत फिरकी नेणाऱ्या दांड्याच्या) पुढच्या बेव्हल गिअरचे सहा दात साफ तुटले. स्पेअरच्या डब्यात मेन शाफ्ट, स्पिंडल, मेन गिअर, बूम (शेपटीची नळी), सगळं होतं, नेमका तो गिअर नव्हता. संध्याकाळी एका अनोळखी माणसाने स्वतःच्या डब्यातला काढून दिला आणि पैसे घ्यायला तयार होईना. हे लोक असे आहेत म्हणून मी पुन्हा जाणार आहे.

जनरेटर नेणं शक्य नसेल तर शंभर अँपिअर-तासाची डीप-सायकल (बराच वेळ वीज देण्यासाठी बनवलेली) बॅटरी न्या. लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे सहाशे वॅट-तास. त्यात ८० टक्के वापरलेले १२एस पॅक अडीच-तीन भरतात, जास्त नाही. गाडीच्या स्टार्टर बॅटरीवर अजिबात भिस्त ठेवू नका. बारा व्होल्टवरून हजार वॅट ओढायला ऐंशीच्या वर अँपिअर लागतात. शेजारच्या एकाच्या क्लिपांचं प्लास्टिक मऊ पडलं होतं आणि संध्याकाळी गाडी सुरू झाली नाही. एक्स्टेन्शनची वायर रिळावरून पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. पॅकवर आपलं नाव घाला आणि हेलीत चढवण्याआधी दर वेळी, अगदी दर वेळी, व्होल्टेज बघा.

रस्त्याबद्दल. शेवटचे तीनेक किलोमीटर नुसते दगड आहेत. माझ्या हेलीत बूम क्लॅम्पचा एक स्क्रू अर्धा बाहेर आला होता आणि एक बॉल लिंक (पात्यांचा कोन बदलणाऱ्या दांडीचा सांधा) हाताने हलत होती. पोहोचल्यावर आधी सगळे स्क्रू तपासा, धातूत बसणाऱ्यांना निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, मगच ट्रान्समीटर हातात घ्या. विमानाने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: शंभर वॅट-तासाच्या वरच्या पॅकला विमान कंपनीची परवानगी लागते आणि असे दोनच नेता येतात. ६एस ५००० चा एक पॅक १११ वॅट-तासांचा असतो. म्हणजे हेलीच्या एका उड्डाणापुरता साठा नेता येईल.

फ्लाइट लाइन (पायलट उभे राहून उडवतात ती रेषा) पश्चिमेकडे तोंड करून आखली आहे. चारनंतर सूर्य थेट डोळ्यांत. मोठी हेली असेल तर त्या वेळी उडवूच नका. ७०० च्या पात्यांची टोकं दोन हजार आरपीएमला ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास फिरतात. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एकोणीस वर्षांचा एक मुलगा स्वतःच्याच हेलीच्या पात्याने गेला. इथे लोक गप्पा मारत लाइनच्या पुढे येत होते, ते मला मुळीच पटलं नाही. संयोजकांना मी तोंडावर सांगितलं, त्यांनी दुपारी दोरी बांधली.

रविवार चांगला गेला. शनिवारी रात्री नऊनंतर जनरेटर मोकळा होता. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि चारही पॅक भरले, लिथियम पॅक पेटू शकतात म्हणून तंबूत नाही, उघड्यावर, वाळूची बादली जवळ ठेवून. पहाटे वारा शून्य, मैदानावर आम्ही चौघंच. पहिल्याच फ्लाइटला पायरो फ्लिप (स्वतःभोवती गिरक्या घेत मारलेल्या कोलांट्या) असे बसले की हात थरथरत होते. मागे एक जण जुनी फ्लायबारची (मुख्य पात्यांसोबत तोल सांभाळणारा आडवा दांडा असलेली) हेली शांतपणे हॉवर करत होता, तीही दहा मिनिटं बघत उभा राहिलो. जायचंच असेल तर रात्री चार्ज करा आणि पहाटे उडवा, दिवसभराच्या रांगेत उभे राहू नका.

नऊला वारा सुटला आणि माझे दोन पॅक भरलेलेच परत आले. रविवारी कितीही थकला असाल तरी झोपण्याआधी ते दर सेलला ३.८ व्होल्टवर उतरवा. मागच्या वर्षी मी आठवडाभर तसेच ठेवले आणि दोन्ही फुगले.