बँड बसवलाय, पण अजून आवळलेला नाही

सोमवार

भूक परत आली. शंका घ्यायला जागाच नाही. ऑफिसात साडेअकराला पोटात अशी गुरगुर सुरू झाली की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मान वर करून बघितलं. वजन उतरवायला जठराला बँड बसवला, त्या ऑपरेशननंतरचे पहिले दिवस मी ज्या गुर्मीत काढले, ती आज खाडकन उतरली. तेव्हा भूक म्हणून काही उरलंच नव्हतं. मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी कपभर प्यायलं की दुपार निघून जायची. नवरा समोर बसून पोळीभाजी खायचा आणि मीच त्याला म्हणायचे, "अजून एक घे ना." आईला तर फोनवर सांगूनही टाकलं होतं, "सुटले गं मी."

आज जेवणाच्या सुट्टीत क्लिनिकला फोन केला. नर्सबाई हसल्या. कुत्सित नव्हे, रोज दहा जणांना तेच सांगावं लागत असेल असं हसल्या. म्हणाल्या, तेव्हा भूक नव्हती ती सुजेमुळे. बँड अजून रिकामा आहे.

हे ऑपरेशनच्या आधीही सांगितलं होतं, पण तेव्हा कानाला लागलेलं भुलीचं आणि टाक्यांचं. म्हणून आज नीट लिहून ठेवते. हा बँड म्हणजे सिलिकॉनचं कडं. अन्ननलिका जठराला मिळते तिथून जरा खाली बसवतात, म्हणजे कड्याच्या वर जठराची एक इवलीशी पिशवी तयार होते. कड्याच्या आतल्या अंगाला फुग्यासारखी पोकळी असते. तिथून एक नळी निघून पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टपर्यंत येते. त्या पोर्टात सुईने सलाईन भरलं की कडं आवळतं, काढून घेतलं की सैलावतं. ऑपरेशनच्या वेळी बँड बहुतेक वेळा रिकामाच ठेवतात, कारण आधीच सगळं सुजलेलं असतं. पहिलं फिल, म्हणजे हे सलाईन भरणं, साधारण सहा आठवड्यांनी. मधल्या काळात सूज ओसरते, माणूस पातळावरून मऊ अन्नावर येतो आणि कडं मात्र ढिल्या बांगडीसारखं नुसतं असतं. बँड बसवलेले इथले लोक या आठवड्यांना सरळ नरक म्हणतात.

नवऱ्याला हे सगळं समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे बँड आणलाय, पण वाजायला अजून सुरुवात नाही." मला हसू आलं आणि पोटातले टाके दुखले.

बुधवार

सध्या सगळं लगद्याच्या रूपात. मिक्सरचं भांडं धुवून धुवून हात दुखायला लागले. वरण घोटायचं, भोपळा घोटायचा, मासा उकडून तोही घोटायचा. दिसायला सगळं लहान बाळाचं, फक्त बाळाला भरवणारी माणसं टाळ्या वाजवतात आणि इथे आपलं आपणच गिळायचं.

डाएटिशियनने दिलेल्या पत्रकात एक परिच्छेद आहे: भूक खरी की मनातली ते ओळखा. मनातली असेल तर फिरून या, अंघोळ करा, मैत्रिणीला फोन करा. मला हा परिच्छेद वाचला की राग येतो. चार वाजता माझ्या पोटात जे होतं ते मनातलं नाही. हात थरथरतात, डोकं चढतं, समोरच्या आकड्यांच्या रांगा एकमेकींत मिसळतात. ज्या बाईने दिवसभरात अर्धा वाडगा वरण आणि दोन चमचे दही खाल्लंय तिला लागते ती भूकच, दुसरं काय असणार? मनातली भूकही असते, नाही म्हणत नाही. रात्री टीव्हीसमोर बसलं की हाताला चिवड्याचा डबा आठवतो, ती मनातली. पण दोन्हींना एकाच पारड्यात टाकून "चालून या" म्हणणं हा जाड माणसाच्या भुकेवर कुणाचाच विश्वास नसल्याचा पुरावा आहे. आयुष्यभर तेच ऐकलंय. लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या डब्याच्या वेळी, शिंप्याकडे.

बरं, भूक लागली म्हणून पटकन पोळी खाऊन टाकावी तर तेही नाही. यात नुसता कॅलरीचा हिशोब नसतो. बँड जागेवर राहावा म्हणून सर्जन जठराचाच थोडा भाग त्याच्यावरून ओढून टाके घालतात. ते मुरायला वेळ लागतो. या दिवसांत घन अन्न अडकून उलट्या झाल्या तर बँड सरकू शकतो, आणि सरकला तर पुन्हा टेबलावर. एवढं कळल्यापासून मिक्सरशी माझं भांडण मिटलंय.

शनिवार

आईचा फोन. आईला ऑपरेशन माहीत आहे, सासूबाईंना फक्त "पोटाचं छोटंसं काहीतरी" एवढंच. आईने तिच्या पद्धतीने विचार करून उपाय सांगितला. "अगं, एकादशी समज. आपण नाही का करत दिवसभर? राजगिऱ्याची लापशी घे, ताक घे, नाव घे देवाचं."

आईने आयुष्यभर उपास केले, सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र. भुकेविषयी तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे मी मान्य करते. पण उपासाला दुसऱ्या दिवशी पारणं असतं. आणि एकादशी दुप्पट खाशी हे काही उगाच नाही म्हणत. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, तूप यांनी गच्च भरलेल्या पोटाने केलेला उपास आणि हा, यांत काही साम्य नाही. मी हे तिला म्हटलं नाही. "हो गं" म्हटलं.

लापशी आणि ताकाची गंमत अशी की मी ते आधीच करून बघितलं. नाचणीची आंबील, ताक, टोमॅटोचं सार, सगळं चविष्ट आणि सगळं तासाभरात पोटातून पसार. पातळ जेवढं, तेवढी भूक लवकर. त्यापेक्षा घट्ट दही, कुस्करलेलं मऊ पनीर, अगदी ओलसर ठेवलेली अंड्याची भुर्जी हे दोन-अडीच तास धरतं. दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं घ्या असं क्लिनिकने सांगितलंय. तो आकडा गाठायचा तर प्रत्येक वेळी ताटात आधी प्रथिनच हवं, भाजीचा लगदा नंतर, आणि भात तर नाहीच. भात फुगून चिकटतो. मऊ भात, मेतकूट, तूप हे आजारपणाचं जेवण म्हणून हाडात बसलेलं असताना ते सोडणं मला चिवड्यापेक्षा कठीण गेलं.

जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. हे जमलं. चमचा खाली ठेवून प्रत्येक घास चावायचा हेही जमतंय, फक्त सगळं घर जेवून उठतं आणि मी आपली टेबलाशी एकटी. लेक अभ्यासाची वही घेऊन समोर येऊन बसते. तिला वाटतं मला कळत नाही ती का बसते ते.

एक मात्र सांगून ठेवलंय मला, आणि त्याची धास्ती आहे: आइसक्रीम, चॉकलेट, मिल्कशेक हे कोणत्याही बँडमधून सुळकन जातं. कितीही आवळा. म्हणजे भुकेने वेडी झालेली बाई सर्वात सहज जे खाऊ शकेल तेच सर्वात वाईट. फ्रीझरमधली कुल्फी नवऱ्याने शेजाऱ्यांना देऊन टाकली. मी सांगितलं नव्हतं.

मंगळवार, रात्र

झोप नाही. पाककृतींचे व्हिडिओ बघत बसले होते. बेळगावचा कुंदा, मालवणी वडे, कुणीतरी चुलीवर थालीपीठ लावतंय आणि मध्ये बोटाने भोकं पाडून तेल सोडतंय. मी करणार नाही, खाणार नाही, आणि तरी एकामागून एक.

हे वेड माझ्या एकटीचं नाही हे वाचून बरं वाटलं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर उपाशी युरोपला कसं खाऊ घालायचं हे शोधायला. युद्धाला नकार दिलेले हे धडधाकट तरुण, स्वखुशीने आलेले. काही आठवड्यांत ते पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, काही जण ती जमवायला लागले, जेवणाचे घास तासन्‌तास पुरवायला लागले. सडपातळ, शहाणी, तत्त्वाची माणसं. त्यांना दिवसाला दीड हजारांच्या वर कॅलरी मिळत होत्या. माझ्या सध्याच्या ताटात त्याच्या निम्म्याही नसतील. त्यांना कुणी "मनातली भूक" म्हटलं नव्हतं.

वॉर्डात माझ्या शेजारी जी बाई होती तिचं स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढायचं ऑपरेशन होतं. तिचा काल मेसेज आला: भूक अजिबात नाही, घड्याळ लावून खाते. मला हेवा वाटला, हे लिहायला काय हरकत आहे. कारणही माहीत आहे. भूक जागी करणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक, १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेलं, मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तो भागच कापून काढतात. बँडमध्ये काहीच कापत नाहीत, जठर आहे तसंच, घ्रेलिनही आहे तसंच. उलट वजन उतरलं की ते वाढतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की कडक आहाराने वजन उतरवलेल्यांच्या रक्तात वर्षभरानंतरही भुकेची संप्रेरकं वाढलेलीच होती. शरीर आपलं जुनं वजन विसरत नाही.

मग मी बँड का घेतला? पोटातलं काही कायमचं कापून टाकायला मन धजेना, आणि बँड काढता येतो. सर्जननी सरळ सांगितलं होतं की हल्ली बँड कमी बसवले जातात, बऱ्याच जणांचे पुढे काहीतरी होऊन काढावेही लागतात. मी ऐकलं, घरी येऊन विचार केला, आणि बँडच म्हटलं. आजही तेच म्हणेन. हेवा वेगळा, निर्णय वेगळा.

रविवार

मंडळाचा गणपती. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, बाहेर पाऊस, आत ढोलकी आणि अडीचशे माणसांच्या ओल्या कोटांचा वास. आरतीनंतर जेवण. मोदक, तेही उकडीचे, कुणीतरी पहाटे उठून केलेले.

मराठी आग्रहापुढे "डाएट आहे" चालत नाही, "एकाने काय होतंय" हे उत्तर तयार असतं. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की पुढचे दहा प्रश्न. मी एक शोध लावला आहे आणि तो अगदी हमखास आहे: "पित्त झालंय." पित्त म्हटलं की मराठी माणूस ताबडतोब माघार घेतो, आदराने. दोन काकूंनी आवळ्याची कँडी आणि सुंठ सुचवली, एकीने स्वतःच्या पित्ताची हकिगत सांगितली, आणि मोदकाचं ताट पुढे गेलं. नंतर नवऱ्याने आपला मोदक फोडून मला नखाएवढं सारण दिलं. उकड मी घेतली नाही, ती तांदळाची. सारणातलं खोबरंही चावून चावून अगदी पाणी करून गिळलं.

तिथे अडीच तास होते. भूक सबंध वेळ होती. घरी येऊन भुर्जी केली.

गुरुवार

पहिलं फिल झालं. पलंगावर आडवं करून नर्सबाईंनी बोटांनी पोर्ट चाचपला, म्हणाल्या मान उचला, म्हणजे पोटाचे स्नायू ताठतात आणि पोर्ट वर येतो. मग सुई. टाक्यांपेक्षा कमी दुखलं. थोडंसंच सलाईन घातलं, एकदम घट्ट करत नाहीत. उठून बसले, पेलाभर पाणी घोट घोट प्यायला लावलं, खाली उतरतंय ना ते बघायला. उतरलं, मोठी ढेकर आली, सगळे खूश.

मी विचारलं, आता भूक जाईल? त्या म्हणाल्या, जाणार नाही, उशिरा येईल. अन्न अडवून धरणं हे बँडचं काम नाही, असं त्या म्हणतात. कडं जठराच्या वरच्या भागावर सतत हलकासा दाब ठेवतं, तिथल्या व्हेगस मज्जातंतूला वाटतं पोट भरलंय, आणि तो मेंदूला तसं कळवतो. थोड्याशा अन्नावर समाधान, एवढंच अपेक्षित. फार आवळलं तर घास अडकतो, लाळ येते, माणूस घन अन्न सोडून आइसक्रीमवर जातो आणि वजन वाढतं. म्हणून हळूहळू.

दोन दिवस पुन्हा पातळ, मग लगदा, मग मऊ. कंटाळा आला लिहायला सुद्धा.

सोमवार

सकाळी आठला पनीर आणि दोन चमचे घोटलेलं वरण. साडेअकराला गुरगुर नाही. एकला थोडी. चारला नेहमीची, पण हात थरथरले नाहीत. बँडमुळे, प्रथिनांमुळे की नुसत्या आशेमुळे, सांगता येत नाही. पुढचं फिल महिन्याने. तेव्हा विचारायच्या गोष्टी वहीच्या मागच्या पानावर लिहिल्यात: सकाळी छातीत घट्ट का वाटतं, जीवनसत्त्वाची गोळी चुरून घेतली तर चालेल का, आणि दिवाळीला पुण्याला जायचंय तर तिकडे काही अडकलं तर पोर्टातलं सलाईन कोण काढून देईल.