मसजीद बंदर ते रेवदंडा: मिशनऱ्यांच्या शाळा आणि कोकणातले बेने इस्राएल

ख्रिस्ती मिशनऱ्यांनी ज्यू समाजात केलेल्या धर्मप्रचाराबद्दल बोलताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर युरोप येतो. पण या प्रयत्नाचा एक पूर्ण अध्याय आपल्या मुंबईत आणि कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजात घडला आणि तोही मराठीत. त्याच्या खुणा पाहायच्या तर मी मुंबईपासून सुरुवात करून समुद्रमार्गे अलिबागला आणि तिथून रेवदंड्याला जाते. क्रम असाच ठेवावा. आधी शाळा काढणारी माणसं कळली, की मग गावातली सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनालयं, नीट कळतात.

मसजीद स्टेशनला उतरून पश्चिमेला मांडवीच्या बाजूने सॅम्युएल स्ट्रीट गाठायचा. हातगाड्या, गोण्या, टेम्पो यांतून वाट काढत चालावं लागतं, त्यामुळे सकाळी लवकर गेलेलं बरं. इथलं शआर हारहमीम हे मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ साली उभारलं. सध्याची वास्तू १८६० ची. ही तारीख लक्षात ठेवायची ती अशासाठी, की पहिला प्रोटेस्टंट मिशनरी मुंबईत येण्याआधीच या समाजाचं स्वतःचं प्रार्थनालय होतं. मिशनऱ्यांनी 'हरवलेल्या' लोकांना शोधून काढलं, असं जे कधीकधी लिहिलं जातं ते खरं नाही.

उणीव होती ती ग्रंथांची. कोकणातले बेने इस्राएल शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळत, म्हणून तर तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांना 'शनिवार तेली' म्हणत. मुलांची सुंता करत, खवले आणि पर असलेलेच मासे खात, 'शमा' ही प्रार्थना म्हणत. पण हिब्रू वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि तोराचा, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राचा, मराठी अर्थ सांगणारं पुस्तक नाही. मिशनऱ्यांनी नेमकी हीच जागा हेरली.

१८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यांनी शाळा काढल्या आणि छापखाना घातला. त्या शाळांना मास्तर हवे होते. बेने इस्राएल तरुणांना मराठी लिहिता-वाचता येत होतं, मूर्तिपूजा त्यांच्यात नव्हती, त्यामुळे ते त्या शाळांत शिकले आणि शिकवूही लागले. १८२० च्या दशकात मायकेल सार्गन हा ख्रिस्ती झालेला कोचीनचा ज्यू इकडे आला आणि त्याने हिब्रूच्या शाळा चालवल्या. गंमत म्हणजे बेने इस्राएलांच्या आठवणीत त्याचं नाव येतं ते शिक्षक म्हणून.

या टप्प्याला जोडूनच गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज पाहावं. चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. गॉथिक धाटणीची दगडी इमारत १८८९ ची, पण संस्थेची सुरुवात १८३२ ची, आंब्रोलीतल्या शाळेपासून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, मराठी शिकले, आणि १८३२ मध्येच त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या. गावदेवीतली सेंट कोलंबा शाळा त्यांचीच. माझ्या मते संपूर्ण प्रवासातली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे हे व्याकरण. ज्यांना धर्म बदलायला सांगायचं, त्यांच्याच धर्माची किल्ली आधी त्यांच्या हाती द्यायची, असा हा बेत होता.

बेताची पायरी-पायरी अशी. आधी अक्षरओळख आणि हिब्रू. मग मराठीतून जुना करार: मोशेचं नियमशास्त्र, स्तोत्रं, संदेष्टे. इथपर्यंत गुरू आणि विद्यार्थी यांच्यात वाद नाही, ग्रंथ दोघांचाच. पुढची पायरी मशीहाबद्दलच्या, म्हणजे येणार असलेल्या तारणाऱ्याबद्दलच्या, भाकितांची. ज्यूंमध्ये प्रचार करणाऱ्यांची ठरलेली वचनं म्हणजे यशयाचा ७ वा आणि ५३ वा अध्याय, दानीएलचा ९ वा. त्यांचा अर्थ लावून येशूपर्यंत पोचायचं आणि शेवटी नवा करार पुढे ठेवायचा, ज्याचं मराठी भाषांतर अमेरिकन मिशनने १८२६ साली छापलं होतं.

गाडी अडली ती तिसऱ्या पायरीवर. ज्याला हिब्रू येऊ लागलं, तो यशया मुळातूनच वाचू लागला. मिशनऱ्याने लावलेला अर्थ आणि कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी सांगितलेला अर्थ त्याला शेजारी-शेजारी ठेवता येऊ लागला. ५३ व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक म्हणजे खुद्द इस्राएल लोक, हा ज्यू परंपरेतला अर्थ त्याला पटला. दुसरं कारण व्यवहाराचं. गावोगाव विखुरलेला समाज लहान. लग्नं, सुतक, सण सगळं आपसांत. बाप्तिस्मा घेणारा एका दिवसात सगळ्या सोयऱ्यांना परका होणार. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर मुंबईत केवढा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं. बेने इस्राएलांत बाप्तिस्मा घेणारे अगदीच थोडे निघाले.

शिक्षण मात्र मुरलं. मिशनच्या शाळेत शिकलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर पुढे डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले, आणि त्यांनी ज्यू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पेसहा या सणाच्या रात्री वाचायची पोथी, म्हणजे हगादा, १८४६ साली मुंबईत मराठीसह छापली गेली. १८७४ ची पुण्याची हगादा तर चित्रांसह आहे. तिची प्रतिकृती कुठे मिळाली तर सावकाश पाहा: हिब्रू मजकूर, त्याच्याबरोबर मराठी, आणि बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका चक्क साडीत. त्या पानाइतका मिशनऱ्यांना मिळालेला स्पष्ट जबाब दुसरा नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता कोकण. गेटवेवरून मांडव्याची लाँच साधारण तासाभराची. काही लाँचच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, तिकीट घेताना विचारून घ्या आणि तिकीट टाकून देऊ नका, बसमध्ये दाखवावं लागतं. पावसाळ्यात लाँच बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, तीही समुद्र पाहून सोडतात. नाहीतर पनवेल-पेणवरून एसटी. एसटीने गेलात तर पनवेलचं बेथ एल (१८४९) आणि पेणचं सिनेगॉग वाटेवरच आहेत.

अलिबागला इस्राएल आळीत मागेन आबोथ आहे, स्थापना १८४८, नंतर १९१० मध्ये पुन्हा बांधलेलं. पनवेल १८४९, अलिबाग १८४८, रेवदंडा १८४२, मुंबईतलं शआरे रासोन १८४०. मिशनच्या शाळा ऐन भरात असतानाच ही प्रार्थनालयं पटापट उभी राहिली. लष्करातल्या नोकरीचा आणि पेन्शनीचा पैसा गावात येत होता हे एक कारण. पण प्रार्थना वाचता येणारी पिढी तयार झाली होती हे मला तितकंच मोठं कारण दिसतं.

लोकांची फेरी फुकट जाते ती बहुधा वार चुकल्याने. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, त्या वेळी वास्तू दाखवत नाहीत आणि फोटो तर नाहीच. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ असे सण ओळीने येतात. रविवार ते गुरुवार सकाळी जावं, आधी फोन करून. २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या सिनेगॉगना पोलीस बंदोबस्त असतो. मूळ ओळखपत्र आणि झेरॉक्स दोन्ही जवळ ठेवा. पुरुषांनी डोकं झाकायचं, रुमालही चालतो. तोराच्या गुंडाळ्या ठेवलेलं कपाट स्वतःहून उघडायचं नाही.

अलिबागच्या उत्तरेला नवगाव. गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया इथे किनाऱ्याला लागल्या, ही बेने इस्राएलांची मूळ कथा. दफनभूमीत स्मारक आहे. आजूबाजूचे मातीचे उंचवटे कबरी आहेत, त्यांवरून चालू नका.

रेवदंडा अलिबागच्या दक्षिणेला सुमारे १७ किलोमीटर, वाट आक्षी, नागाव, चौल अशी. तिथलं सिनेगॉग (त्याचंही नाव बेथ एल) पाहून झाल्यावर कुंडलिकेवरचा साळाव पूल ओलांडून कोर्लईला जाऊन याच. पोर्तुगीज अमलात कॅथलिक झालेल्या या गावात आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. तिथे धर्म राज्यसत्तेबरोबर आला. खाडीच्या अलीकडे आलेल्या मिशनऱ्यांकडे पाटी आणि पुस्तक होतं, आणि लोकांनी तेवढंच घेतलं.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात आणि रायगडातल्या गावांत ते जमवणं आता अवघड असतं. प्रार्थनेच्या वेळी बसायची परवानगी मिळालीच, तर मागच्या बाकावर बसा आणि फोन बंद ठेवा. मोजणीत ज्यू नसलेले पाहुणे धरत नाहीत, तेव्हा दहावा माणूस येईपर्यंत थांबायची तयारी हवी.